जुनी फुलदाणी : तिचें वय आणि तिची किंमत

पुणें जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यांत, कुकडी नदीच्या कांठीं, बोरी बुद्रुक नांवाचें एक गांव आहे. गांव शेतकऱ्यांचें; नदीच्या दरडी पाहण्यासाठीं कोणी मुद्दाम वाट वांकडी करावी असें तेथें वरवर पाहणाऱ्यास कांहीं दिसत नाहीं. परंतु त्या दरडींत माती आणि वाळू यांच्या थरांमध्यें पांढुरक्या राखेचा एक थर आहे, आणि त्या राखेपायीं या लहानशा गांवाचें नांव देशोदेशींच्या भूशास्त्रज्ञांच्या तोंडीं झालें आहे. ही राख चुलीची नव्हे, ज्वालामुखीची आहे. सूक्ष्मदर्शकाखालीं धरली असतां तिचा कण न् कण म्हणजे कांचेचा वांकडातिकडा तुकडा आहे असें दिसून येतें. सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीच्या स्फोटांतून निघून, दोन हजार मैलांचा आकाशप्रवास करून ती येथें उतरली, असें तिच्या रासायनिक पृथक्करणावरून शास्त्रज्ञांनीं ठरविलें. तिच्याच संगतींत आदिमानवाचीं दगडी हत्यारेंही सांपडलीं.

एवढें झाल्यावर प्रश्न निघाला तो वयाचा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जी पहिली मोजणी प्रसिद्ध झाली तींत ही राख सुमारें १४ लक्ष वर्षांची ठरली. १९९५ सालीं दुसऱ्या मोजणीनें तें वय ६ लक्ष ७० हजारांवर आणलें. त्याच सुमारास दुसऱ्या कांहीं शास्त्रज्ञांनीं कांचेच्या कणांची तपासणी करून ही राख तोबाच्या सर्वांत अलीकडच्या महास्फोटाची, म्हणजे सुमारें ७५ हजार वर्षांपूर्वींची, असा पक्ष मांडला. राख आकाशांतून पडली तेथेंच राहिली, कीं पुरानें दुसरीकडून वाहून आणून टाकली? हत्यारें राखेच्या वयाचीं, कीं जुन्या थरांतून धुऊन येऊन तिच्या शेजारीं बसलेलीं? वाद पुष्कळ वर्षें चालला, आणि तो चालविणारे सारे आपापल्या शास्त्रांत पारंगत होते.

फुलदाण्यांच्या लिलावाविषयीं बोलावयाचें असतां आरंभ या राखेपासून करण्याचें कारण उघड आहे. चिनी मातीच्या भांड्यावर जी चकचकीत झिलई असते ती देखील कांचच; भट्टींत वितळून मातीच्या अंगावर बसलेली. आणि तिच्याविषयीं विचारावयाचे प्रश्न तेच आहेत. ही वस्तु कोणत्या काळची? ती जेथें सांपडली तेथलीच, कीं वाहत आलेली? तिच्या अंगावर जी खूण आहे ती तिच्याच वयाची आहे काय? फरक इतकाच, कीं कुकडीकांठच्या वादांत कोणाचा पैसा बुडत नाहीं. लिलावाच्या दिवाणखान्यांत मात्र या प्रश्नांच्या उत्तरावर घरें उभीं राहतात आणि बसतातही.

लिलावाची रीत आपल्या लोकांस अपरिचित नाहीं. गणेशोत्सवांत शेवटच्या दिवशीं प्रसादाच्या नारळाचा लिलाव ज्यानें पाहिला असेल, त्यास लंडन किंवा पॅरिस येथील लिलावाचें मर्म वेगळें समजावून सांगण्याची जरूरी नाहीं. नारळ तोच; पण दोघां सावकारांची चुरस लागली कीं त्याची किंमत बाजारभावाच्या पन्नासपट होते. एकच माणूस पुढें आला तर तोच नारळ मामुली किंमतींत जातो. किंमत ठरविण्यास दोन माणसें लागतात, हें लिलावाचें मूळ सूत्र. बाकीचा सारा सरंजाम, म्हणजे छापील सूची, प्रत्येक वस्तूचा क्रमांक, अजमासाची रक्कम, ज्याखालीं वस्तु द्यावयाची नाहीं तो मालक व पेढी यांच्यामधील गुप्त आंकडा, हातोडा, आणि हातोड्यानंतर घेणाऱ्याच्या व विकणाऱ्याच्याही माथीं बसणारी पेढीची दलाली, हा त्या सूत्राभोंवतीं गुंफलेला आहे. दलालीची गोष्ट वर्तमानपत्रें सहसा सांगत नाहींत. घेणारा जी रक्कम मोजतो आणि विकणाऱ्याच्या पदरीं जी पडते, त्या दोहोंमध्यें चतुर्थांशाहून अधिक अंतर पडणें ही कांहीं नवलाची बाब नाहीं.

दोन अलीकडील प्रकरणें या संबंधांत लक्षांत ठेवण्याजोगीं आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्यें पॅरिसनजीक फोंतेनब्लो येथें निळ्यापांढऱ्या रंगाची, मेघ आणि व्याल यांच्या आकृतींनीं नटलेली, वाटोळ्या पोटाची एक चिनी फुलदाणी विक्रीस आली. ब्रिटनी प्रांतांतील एका वृद्धेच्या घरांतील ती. मालकीण झालेली मुलगी परदेशीं, तिनें दुरूनच घर रिकामें करविलें आणि फुलदाणी प्रत्यक्ष न पाहतांच विक्रीस काढली. पेढीच्या पारख्यानें ती विसाव्या शतकांतील मानून १,५०० ते २,००० युरोंचा अजमास छापला. प्रत्यक्षांत हातोडा पडला तो ७७ लक्ष युरोंवर, आणि दलाली धरून रक्कम ९१ लक्षांपलीकडे गेली. बोली लावणाऱ्यांनीं ती अठराव्या शतकांतील मानली होती. पारखी आपल्या मतास चिकटून राहिला. म्हणजे एवढी रक्कम मोजली गेल्यानंतरही त्या फुलदाणीच्या वयाचा निकाल लागला असें म्हणतां येत नाहीं. निकाल लागला तो फक्त किंमतीचा.

दुसरें प्रकरण याहून बोलकें आहे. नोव्हेंबर २०१० मध्यें लंडनच्या रायस्लिप या उपनगरांतील एका लहानशा लिलावगृहांत, मृत नातेवाइकाचें घर आवरतांना निघालेली एक चिनी फुलदाणी ४ कोटी ३० लक्ष पौंडांच्या बोलीस गेली. साऱ्या जगांत तिचा बोलबाला झाला. पुढें महिन्यांवर महिने लोटले, पण पैसे आलेच नाहींत. अखेर ती दुसऱ्या गिऱ्हाइकास खाजगी रीतीनें, पहिल्या आंकड्याहून पुष्कळच कमी किंमतीस दिली गेली. हातोड्याचा आवाज ऐकूं आला म्हणजे पैसे तिजोरींत पडले असें नव्हे. आणि या श्रीमंती छंदाची एक मौजही सांगितली पाहिजे. २०१४ सालीं हाँगकाँगमध्यें कोंबड्याच्या चित्रांची एक चिमुकली मिंगकालीन वाटी २८ कोटी हाँगकाँग डॉलरांहून अधिक किंमतीस विकली गेली, आणि घेणाऱ्या गृहस्थानें तींतून चहा पिऊन दाखविला. एवढ्या रकमेचा चहा कसा लागला असेल, याची कल्पना ज्याची त्यानें करावी.

अशा वार्ता कानीं पडल्या म्हणजे पुण्यामुंबईच्या घरांतूनही माणसें उठून फडताळाच्या माथ्यावरील फुलदाणी खालीं उतरवितात. मराठी घरांत फुलदाणी हा तसा परका पाहुणाच होय. आपल्याकडे फूल जावयाचें तें देवाच्या पायांवर किंवा वेणींत. पाण्यांत देंठ बुडवून तें चार दिवस शोभेसाठीं उभें करून ठेवणें ही रीत साहेबाबरोबर आली. त्यामुळें घरोघरीं फुलदाण्या आल्या खऱ्या, पण त्यांत राहिलीं तीं कागदाचीं फुलें, मोरपिसें, क्वचित् घरधन्याच्या लेखण्या आणि वाण्याचीं बिलें. आपल्या ओळखीची चिनी माती म्हणजे लोणच्याची बरणी. तिला कांहीं घरांत अजून मर्तबान म्हणतात, तें नांव ब्रह्मदेशांतील मर्तबान या बंदरावरून आलेलें आहे. तेथून झिलईदार मोठमोठीं भांडीं पूर्वीं सर्व पूर्वसमुद्रभर जात. जुन्नराहून कोंकणांत उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर जो दगडी रांजण आहे, तो जकातीचीं नाणीं टाकण्याचा होता असें परंपरा सांगते. म्हणजे परदेशीं माल आणि भांडें यांची सोबत या मुलुखांत आजची नव्हे.

मुंबईच्या घरांत चिनी फुलदाण्या मोठ्या संख्येनें आल्या त्या एकोणिसाव्या शतकांत, कँटनच्या व्यापारांतून. कापूस आणि अफू इकडून जात, चहा, रेशीम आणि चिनी भांडीं तिकडून येत. या व्यापारांत ज्यांनीं अमाप द्रव्य मिळविलें त्यांत जमशेटजी जीजीभाई हे अग्रगण्य. तरुणपणीं त्यांनीं स्वतः चीनच्या सफरी केल्या होत्या. याच गृहस्थांनीं १८५३ सालीं मुंबईंत कलाशिक्षणाची शाळा काढण्यासाठीं एक लक्ष रुपये देऊं केले, आणि १८५७ च्या मार्चमध्यें ती शाळा सुरू झाली. चिनी भांड्यांच्या वाटेनें आलेल्या पैशांतून जी शाळा निघाली, तिनें पुढें मुंबईची स्वतःची फुलदाणी घडविली. आजच्या विषयांतील आपल्या घरचा भाग तो हाच, आणि तो चिनी लक्षाधीश फुलदाण्यांच्या झगमगाटांत सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें १८६५ सालीं दोन शिक्षक विलायतेहून आले. एक जॉन लॉकवुड किपलिंग, प्रसिद्ध लेखक रडयार्ड किपलिंग यांचे वडील. हे स्टॅफर्डशायरच्या कुंभारकामाच्या कारखान्यांत शिकून तयार झालेले. दुसरे जॉन ग्रिफिथ्स, चित्रकार. त्यांच्या आधींपासून शाळेंत असलेले जॉर्ज टेरी यांना मातीच्या भांड्यांचें वेड होतें. १८७० च्या दशकांत त्यांनीं मुंबईंत भट्टी चालविली. तिच्या मालास पुढें ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ असें चमत्कारिक नांव मिळालें. तंत्र मात्र त्यांनीं विलायतेहून आणलें नाहीं. सिंधमध्यें हाला गांवचे कुंभार पिढ्यान् पिढ्या मशिदींच्या व कबरींच्या झिलईदार विटा करीत आले होते. त्यांची रीत मुंबईच्या भट्टींत आणली गेली.

ही रीत समजून घेतली म्हणजे भांडें ओळखणें सोपें जातें. अंगची माती तांबूस, साध्या कौलासारखी. तिच्यावर पांढऱ्या मातीचा पातळ हात. मग नक्षीचा कागद सुईनें भोंकें पाडून तयार करावयाचा, तो भांड्यावर धरून कोळशाची पूड झटकावयाची, आणि पडलेल्या ठिपक्यांवरून कुंचला फिरवावयाचा. रांगोळीचा डबा भुईवर आपटून ठिपक्यांची नक्षी उठविणाऱ्या बायकांना हें निराळें सांगावयास नको. निळा रंग कोबाल्टचा, मोरपंखी तांब्याचा, जांभळट तपकिरी मँगनीजचा. शेवटीं पारदर्शक झिलई चढवून भट्टी. सिंधी वळणाच्या भांड्यांत एकाच रंगाच्या दोन छटा असतात. फिकट निळ्यावर गडद निळी वेल, पिवळ्यावर तपकिरी.

दुसरें वळण अजिंठ्याचें. १८७२ पासून १८८५ पर्यंत ग्रिफिथ्स हे विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत भिंतींवरील चित्रांच्या नकला करीत होते. पेस्तनजी बमनजी हे पुढें नांवारूपास आलेले चित्रकार त्या तुकडींतलेच. या नकलांतील कमळें, हंस, हत्ती, वेलींत गुंतलेले बुटके यक्ष, हे सारे शाळेच्या भट्टीवर उतरले आणि फुलदाण्यांच्या पोटांवर चढले. नकला लंडनला साउथ केन्सिंग्टन येथें पाठविल्या गेल्या, आणि १८८५ च्या आगींत त्यांतील पुष्कळशा जळाल्या. त्याआधीं मेजर रॉबर्ट गिल यांनीं केलेल्या नकलांपैकीं बहुतेक १८६६ सालीं क्रिस्टल पॅलेसच्या आगींत नष्ट झाल्या होत्याच. कापडावरील चित्रें दोन वेळां आगींत गेलीं. आगींतूनच जन्मलेलीं मातीचीं भांडीं तेवढीं अजिंठ्याची आठवण अंगावर घेऊन जगांत फिरत राहिलीं.

या भांड्यांच्या सौंदर्याविषयीं मतभेद आहेत आणि ते असावेत. अजिंठ्याच्या छतावरील नक्षी मुळांतच चौकटींत बसविलेली; कमळ किंवा हंस उचलून फुलदाणीच्या गळ्याभोंवतीं बसविला तर तो तेथें जन्मल्यासारखा शोभतो. पण भिंतीवरील मनुष्याकृति जेव्हां फुगीर पोटावर ओढली जाते तेव्हां राजपुत्राचा खांदा एका बाजूला आणि मुकुट दुसऱ्या बाजूला पळतो, आणि पाहणाऱ्यास भांडें हातांत फिरवीत चित्राचा पाठलाग करावा लागतो. शाळेच्या उत्तम फुलदाण्या नक्षीच्या आहेत, चित्रांच्या नव्हेत. किंमत लावतांना सूचीकार बहुधा उलट करतात, कारण मनुष्याकृति असली कीं ‘अजिंठा’ हा शब्द मोठ्या अक्षरांत छापतां येतो.

त्याहून सलणारी गोष्ट दुसरी आहे. यांतील पुष्कळ भांड्यांच्या बुडावर शाळेचें किंवा भट्टीचें नांव आढळतें. घडविणाऱ्या कुंभाराचें आणि रंगविणाऱ्या विद्यार्थ्याचें नांव क्वचितच. ज्या हातानें चाक फिरविलें तो सिंधी होता कीं मुंबईकर, ज्यानें हंसाची मान एका फटक्यांत वळविली तो पारशी होता कीं पांचकळशी, हें आज भांड्यावरून सांगतां येत नाहीं. लिलावाच्या सूचींत टेरी यांचें नांव येतें, ग्रिफिथ्स यांचें येतें, आणि त्यापुढें नुसतें ‘मुंबई’.

हीं भांडीं त्या काळच्या प्रदर्शनांत मांडलीं गेलीं, साहेबलोकांनीं विकत घेतलीं, निवृत्त होतांना पेट्यांत घालून विलायतेस नेलीं. जॉर्ज बर्डवुड यांनीं १८८० सालीं हिंदी कलाकौशल्यावरील आपल्या ग्रंथांत त्यांचा उल्लेख केला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्यें तीं आहेत; मुंबईंत भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयांतही आहेत. हें संग्रहालय १८७२ सालीं लोकांस खुलें झालें तेव्हां त्याचें नांवही व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट असेंच होतें, हा एक योगायोग. साहेबांचे नातू-पणतू आतां घरें आवरूं लागले आहेत, आणि म्हणून विलायतेच्या लिलावांत मुंबईच्या फुलदाण्या अधूनमधून दिसतात. चिनी राजवाड्यांतील भांड्यांशीं तुलना केली तर त्यांची किंमत अगदींच थोडी. एका अर्थीं हें बरेंच आहे. जेथें किंमत थोडी तेथें नकलाकार फिरकत नाहींत.

नकलांचा सुळसुळाट आहे तो चिनी मालांत. बुडावरील सहा चिनी अक्षरें पाहून पुष्कळांस वाटतें कीं राजाचें नांव मिळालें, वय ठरलें. पण चिनी कुंभार जुन्या राजांचीं नांवें नव्या भांड्यांवर घालीत, आणि तें नेहमींच फसवणुकीसाठीं नसे. पूर्वसूरींबद्दल आदर दाखविण्याची ती एक रीत होती. कांग्शी बादशहाच्या अमदानींत, १६७७ सालीं, खुद्द त्या बादशहाचें नांव भांड्यांवर घालूं नये अशी मनाई चिंग्दजन येथील अंमलदारानें केली. भांडें फुटून उकिरड्यावर गेलें तर नांवाचा उपमर्द होईल, ही भीति. त्या काळांत मग दोनशें वर्षें जुन्या मिंग राजांचीं नांवें सर्रास घातलीं गेलीं. पुढें एकोणिसाव्या शतकांत कांग्शीचें नांव घातलें गेलें, आणि आज तर वाटेल तें नांव घातलें जातें. तेव्हां शिक्का ही साक्ष खरी, पण ऐकीव साक्ष. बोरीच्या राखेशेजारीं सांपडलेल्या हत्यारासारखीच तिची गत. शेजारीं आहे म्हणून समवयस्क आहे असें नव्हे.

जपानी फुलदाण्यांची गोष्ट थोडी सोपी. परदेशीं मालावर देशाचें नांव असलेंच पाहिजे असा अमेरिकेचा कायदा १८९१ पासून अमलांत आला, तेव्हां जपानी कारखाने ‘निप्पॉन’ असें इंग्रजी अक्षरांत छापूं लागले. १९२१ नंतर अमेरिकेनें तें नांव नाकारलें आणि ‘जपान’ असें छापणें भाग पडलें. घरांतील फुलदाणीखालीं ‘जपान’ असें इंग्रजींत असेल तर ती पेशवाईंतील आहे ही आजोबांची कथा सोडून द्यावी, आणि आजोबांवरचें प्रेम मात्र ठेवावें.

मग पारख करावयाची कशी? बाजारांतून माठ घेतांना घरची गृहिणी त्यावर बोटाची टिचकी मारून ऐकते; खणखणीत वाजला तर घेते, बद्द वाजला तर ठेवून देते. फुलदाणीलाही तीच कसोटी पहिली. अखंड पोर्सेलिन घंटेसारखें वाजतें. चीर गेलेलें किंवा सांधलेलें भांडें ठसका दिल्यासारखें वाजतें. मुंबईच्या तांबूस मातीचें भांडें मात्र चांगलें असलें तरी घंटेसारखें वाजावयाचें नाहीं, कारण त्याची भट्टी तितकी कडक नसते. तो दोष नव्हे, जात आहे. मग तें उपडें करून बूड पाहावें. भांडें ज्या कड्यावर उभें राहतें तें कडें शंभर वर्षें सरकविल्यानें झिजतें, पण सारखें झिजत नाहीं. जेथें भार अधिक तेथें अधिक झिजतें. नकलाकार वाळूवर घासून जें झिजवितो तें सर्वत्र एकसारखें असतें. झिलईच्या बारीक चिरांत पिढ्यांची धूळ बसते ती कोठें गडद कोठें फिकट. चहाच्या पाण्यांत उकळून आणलेला मळ सर्व चिरांत सारखा. जुनेपणाचें लक्षण अनियमितपणा, हें एवढें ध्यानांत राहिलें तरी पुष्कळ झालें.

सांधलेलें व पुन्हां रंगविलेलें भांडें अतिनील दिव्याखालीं धरलें कीं नवा रंग निराळा चमकतो. त्याहून खोल तपास पाहिजे असेल तर उष्मादीप्तीची चांचणी आहे. भाजलेल्या मातींत भट्टीनंतरच्या काळांत हळूहळू सांठत गेलेली शक्ति, माती पुन्हां तापविली असतां प्रकाशरूपानें बाहेर पडते, आणि त्या प्रकाशावरून भट्टीला किती काळ लोटला याचा अजमास बांधतां येतो. पण त्यासाठीं बुडाशीं भोंक पाडून माती काढावी लागते, म्हणून ती फार मोलाच्या वस्तूंपुरतीच योग्य.

या साऱ्या कसोट्यांहून मोलाची एक कसोटी घरांतच असते आणि ती फुकट असते. वस्तु घरांत कशी आली हें माहीत असणें. लिलावाच्या पेढ्या या माहितीला वस्तूइतकेंच महत्त्व देतात. एकसारख्या दोन फुलदाण्यांपैकीं जिच्यासोबत जुनी पावती, एखादें छायाचित्र, किंवा पणजोबांच्या पत्रांतील एक ओळ असेल ती पुढें जाते. आणि हीच साक्ष मराठी घरांतून सर्वांत लवकर नाहींशी होते. वाडा पडावयाचा असतो, भावांच्या वांटण्या होतात, सामान तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मावत नाहीं. भांडीं जुन्या बाजारांत जातात, आणि तीं कोणाचीं, कोठून आणलेलीं हें ज्या म्हाताऱ्या आत्याबाईंना माहीत असतें त्यांना त्या गडबडींत कोणी विचारीत नाहीं. मटण स्ट्रीटवरच्या चोरबाजारांत तें भांडें पोहोंचलें म्हणजे तें पुरानें वाहून आणलेल्या राखेसारखें होतें. आहे तें खरें, पण कोठलें तें कोणी सांगूं शकत नाहीं. पुण्याच्या दिनकर केळकरांनीं अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तु गांवोगांव हिंडून जमविल्या आणि पुढें तो संग्रह शासनाच्या हवालीं केला. एका माणसाच्या पायपिटीनें जेवढें वांचलें त्याच्या अनेकपट त्याच वर्षांत मोडींत गेलें असलें पाहिजे.

विकावयाचेंच असेल तर कायदा माहीत असावा. १९७२ चा पुराणवस्तु व कलानिधि यांविषयींचा कायदा १९७६ पासून अमलांत आहे. शंभर वर्षें किंवा अधिक जुनी कलाकुसरीची वस्तु खाजगी माणसास देशाबाहेर पाठवितां येत नाहीं, आणि अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो. म्हणजे १८८० सालची मुंबईची फुलदाणी लंडनला जास्त किंमत येते म्हणून तिकडे धाडतां यावयाची नाहीं. तिकडे विकल्या जातात त्या पूर्वींच गेलेल्या. देशांत मात्र लिलाव होतात, संग्रहालयें आहेत, आणि परवाना असलेले व्यापारी आहेत. विकणाऱ्यानें एकाच पारख्याच्या शब्दावर विसंबूं नये, आणि जो पारखी स्वतःच विकत घ्यावयास उत्सुक आहे त्याच्या शब्दावर तर मुळींच नाहीं.

तोंवर निदान भांड्याला इजा होऊं नये. चिंच, राख किंवा तारेचा घांसणा लावून तें उजळूं नये. कोमट पाण्यांत भिजविलेलें मऊ फडकें पुरतें. जर झिलईवर सोनेरी नक्षी असेल तर तेंही जपून. तडा गेला असेल तर बाजारच्या चिकटद्रव्यानें सांधण्याची घाई करूं नये. वाईट सांधा उकलतांना भांडें दुसऱ्यांदा फुटतें. मग घरांतल्या वडील माणसाजवळ बसावें, फुलदाणी कोणी, कोठून, कोणत्या सालीं आणली तें विचारून एका कागदावर लिहावें, खालीं तारीख घालावी, सांगणाऱ्याचें नांव घालावें. तो कागद बुडाला डकवूं नये, गोंदाचा डाग कच्च्या मातींत मुरतो. घडी करून फुलदाणीच्या आंत टाकावा. नाहीं तरी तींत फुलें कोणी ठेवीत नाहीं.